जिजाई आणि नीरा

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. संध्याकाळचं जेवण आमच्याकडे सूर्य असताना व्हायचं, त्यामुळे साडेपाचलाच ताटं मांडलेली. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तो तसाच हातात धरून म्हणाले, "सातवी प्रतिमा घ्यावी म्हणतोय. महाराजांशी बोललो. ते म्हणाले, घरच्यांची संमती घेऊन या."

मी म्हटलं, "आणखी अर्धी वाढू का?"

आमच्या समाजातल्या बायकांना सातवी प्रतिमा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. श्रावकाला मुनिधर्माकडे नेणाऱ्या अकरा पायऱ्या आहेत, त्यांना प्रतिमा म्हणतात. सातवी ब्रह्मचर्याची. आठवी आरंभत्यागाची, म्हणजे व्यापारउदीम सोडायचा. नववी परिग्रहत्यागाची, म्हणजे घरदार, पैसाअडका यांवरचा हक्क सोडायचा. पुढच्या दोन सांगत नाही. नववीपर्यंत गेलं तरी घरच्या बाईला पोटात गोळा येतो.

पहिल्या सहा पायऱ्या हे गेल्या दहाबारा वर्षांत एकेक करून चढलेच होते. मला त्याचं कौतुकच होतं, अजूनही आहे. पण खरं सांगू का, प्रत्येक पायरीला माझंही काम वाढत गेलं. सचित्तत्याग ह्यांचा, पाणी उकळणारी मी. प्रोषधोपवास ह्यांचा, दुसऱ्या दिवशीच्या पारण्याला पहाटे उठणारी मी. व्रत घेतलेल्याचं नाव बस्तीतल्या फळ्यावर लिहितात, उकळणारीचं लिहीत नाहीत. हे तक्रार म्हणून नाही सांगत. असं आहे, म्हणून सांगते.

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. आठ दिवस दिलं नाही. आणि त्या आठ दिवसांत मला राहून राहून कोण आठवत होतं, तर दोन जुन्या सिनेमांतल्या दोन बायका. एक 'संत तुकाराम' मधली जिजाई आणि दुसरी 'कुंकू' मधली नीरा.

यातली जिजाई माझ्याकडे आली सासूबाईंकडून, आणि नीरा आत्याकडून.

सासूबाईंचं माहेर चिकोडीकडचं. त्या दहाअकरा वर्षांच्या असताना गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. जैनांच्या घरातल्या मुलींनी विठोबाचा सिनेमा बघायचा की नाही यावर घरात थोडी चर्चा झाली म्हणे, पण त्यांच्या आजीनेच निकाल दिला, "साधूची गोष्ट आहे, बघू द्या." पडद्यावर विठ्ठल दिसला की तंबूतले लोक हात जोडायचे, पायातल्या वहाणा बाहेर काढून ठेवायचे, हे त्यांनी मला कितीतरी वेळा सांगितलं. पण त्यांना स्वतःला विठ्ठलापेक्षा जिजाईच लक्षात राहिली होती. "ती म्हशीशी बोलते बघ, तशी मी गोठ्यात बोलत होते," असं म्हणून हसायच्या.

आत्याचं वेगळं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाआधी कोल्हापूरला मावशीकडे राहायला गेली असताना तिने 'कुंकू' पाहिला. आणि पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं, बिजवराशी. वयात बरोब्बर दुपटीचं अंतर, आणि पहिलीची दोन मुलं दारात उभी. आत्या सिनेमाबद्दल फार बोलायची नाही. एकदाच, मी बीएला असताना, शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा म्हणाली, "त्या पोरीने खोलीला आतून कडी घातली. माझ्या खोलीला कडीच नव्हती."

एवढंच. मी तेव्हा वीस वर्षांची होते. काय बोलावं ते सुचलं नाही, मी शेंगा फोडत राहिले.

आता हे दोन सिनेमे एकमेकांशेजारी ठेवावेत असे मुळीच नाहीत. एक संतपट, एक सामाजिक. एकात टाळमृदंग, चमत्कार, आकाशातून येणारं विमान. दुसऱ्यात चाळीशी-काठी-छत्री असलं रोजचं घर. पण दोन्ही एकाच घरचे. दोन्ही पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे. प्रभात कोल्हापुरात सुरू झाली १९२९ मध्ये आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. 'संत तुकाराम' १९३६ चा, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. 'कुंकू' पुढच्याच वर्षीचा, १९३७ चा, व्ही. शांताराम यांचा. दोन्हींचं संगीत केशवराव भोळ्यांचं, दोन्हींत गाणी शांताराम आठवल्यांची. आठवल्यांनी तुकारामासाठी लिहिलेलं एक गाणं इतकं बेमालूम जमलं की लोक ते तुकोबांचाच अभंग समजून भजनात म्हणू लागले. म्हणजे एका आवारात, एकाच माणसांच्या हातून, वर्षाच्या अंतराने, एकदा आकाशाकडे बघणारा सिनेमा झाला आणि एकदा घराच्या बंद खोलीत बघणारा.

'संत तुकाराम' ला १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत मान मिळाला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले होते. हे पागनीस आधी नाटकात स्त्रीभूमिका करायचे. कदाचित म्हणूनच त्यांच्या तुकारामाच्या चेहऱ्यावर एक मऊपणा आहे, राग येतच नाही त्या चेहऱ्याला. आणि गौरी नावाची नटी जिजाई झाली आहे. ती जिजाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या पाणी भरायला आलेल्या कोणत्याही बाईसारखी. पदर खोचलेला, आवाज चढलेला, हात सतत कशात तरी गुंतलेला.

मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला तेव्हा लग्न व्हायचं होतं. तेव्हा मलाही सगळ्यांसारखंच वाटलं होतं, की काय ही कजाग बाई, एवढ्या मोठ्या संताला समजून घेत नाही. ह्या वेळी, ते आठ दिवस चालू असताना, दुपारी मी एकटीने तो टीव्हीवर यूट्यूब लावून परत पाहिला. आणि मला तुकोबांआधी त्यांचं दुकान दिसलं.

तुकोबा दुकानदार होते हो. धान्याचा व्यवहार, महाजनकी. दुष्काळात पहिली बायको रखमा आणि मुलगा गेला. नंतर त्यांनी लोकांना दिलेल्या कर्जाची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, भावाचा अर्धा वाटा मात्र त्याला देऊन टाकला आणि आपल्या वाट्याची बुडवली, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. आजवर ही गोष्ट ऐकताना माझे हात जोडले जायचे. या वेळी मनात आलं, भावाचा वाटा वेगळा काढला ते योग्यच केलं. पण बायकोचा वाटा कोणता होता? तो काढायचा कुणाला सुचला का? जिजाई पुण्याच्या गुळव्यांची, खात्यापित्या घरची लेक. तिला कुणी विचारलं का, की बाई, उद्यापासून कणगीत काय असेल?

आमचंही भुसारीचं दुकान. रविवार पेठेत. सासऱ्यांनी सुरू केलेलं.

सिनेमात एक प्रसंग आहे. मुलगा आजारी, नवरा भजनात. जिजाई पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाच्या मूर्तीवर धावून जाते. लहानपणी हे बघताना प्रेक्षक शहारतात. पण तुम्ही नीट बघा. ती देवाला मानत नाही म्हणून मारायला गेलेली नाही. तो तिथे उभा आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. शंका असती तर ती दगडावर वहाण कशाला उगारेल? ती भांडायला आली आहे, सवतीशी भांडावं तशी. तुकोबा देवाकडे मागतच नाहीत काही. ती मागते. आणि गंमत बघा, सिनेमात पोरगं बरं होतं ते तिच्या भांडणावर.

दुसरा प्रसंग डोंगरावरचा. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसलेला आणि ही उन्हातून जेवण घेऊन त्याला शोधत गेलेली. तिथे दोघांचं बोलणं होतं त्याचा रोख असा, की तुम्ही तुमच्या देवाच्या मागे, मी माझ्या देवाच्या मागे. तेवढ्यापुरतं दोघंही हसतात. सगळ्या सिनेमात माझं सगळ्यात आवडतं दृश्य ते. सासूबाईंचंही तेच होतं. त्या म्हणायच्या, "तिथे तो जेवतो ना, तिथे खरा संसार आहे त्यांचा."

आणि शेवट. तुकोबा वैकुंठाला निघालेत. तिलाही चल म्हणतात. तिला ते खरंच वाटत नाही. तिचं घर, तिची पोरं, तिची चूल. ती आपल्या कामात आणि तिकडे गरुडाचं विमान येतं. ती धावत बाहेर येते तेव्हा विमान आकाशात.

हे दृश्य बघून लोक म्हणतात, बघा, अडाणी बाई, मोक्ष चालून आला तर चुलीपाशी बसली. पण तुकोबा गेले तेव्हा जिजाईच्या पोटात नारायण होता असं परंपरा सांगते. सिनेमात ते दाखवलेलं नाही. तोच नारायण पुढे नारायणबाबा झाला आणि १६८५ मध्ये त्यांनीच पालखीचा सोहळा सुरू केला. आज लाखो लोक ज्या पालखीमागे चालतात, ती काढणारा मुलगा त्या मागे राहिलेल्या बाईने वाढवला. ती विमानात बसली असती तर?

आता नीरा.

'कुंकू' ही ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. शांता आपटे नीरा झाल्या आहेत. आईबापांविना मामाकडे वाढलेली शिकलीसवरलेली मुलगी. तिला फसवून तिचं लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलं जातं. केशवराव दाते काकासाहेब. लग्न लागलं, पण ती म्हणते हे लग्न मला मान्य नाही. ती पळून जात नाही, जीव देत नाही, रडत कोपऱ्यात बसत नाही. त्या घरात राहते आणि नवऱ्याला नवरा म्हणून जवळ येऊ देत नाही. १९३७ साली!

जरठकुमारी विवाहावर आपल्याकडे देवलांचं 'शारदा' नाटक त्याआधीच, १८९९ मध्ये, आलं होतं. ('दक्षिण महाराष्ट्र जैन सभा' स्थापन झाली तेही १८९९ सालच. आपल्या समाजातली जाणती माणसंही त्याच काळात मुलींच्या शिक्षणाचं बोलू लागली होती.) १९२९ मध्ये शारदा कायदा आला, त्यात मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरलं. हा शारदा कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा, नाटकाचा त्याच्याशी संबंध नाही, तरी आपल्याकडे बऱ्याच जणांना तसं वाटतं. पण कायदा वयाचं बोलतो. मुलीला विचारलं का, याचं काय? 'कुंकू' तेवढंच विचारतो.

ह्या सिनेमाची एक गोष्ट मला पहिल्यांदाच लक्षात आली. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे आवाज आहेत ते घरातले. घड्याळाचे टोले, काठीचा आवाज, दाराचा आवाज. नीरा गाते तेव्हाही ग्रामोफोनची तबकडी लावून तिच्या साथीने गाते. लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा गाते ती! बाकी सगळी शांतता. 'संत तुकाराम' मध्ये टाळमृदंग कधी थांबत नाही आणि इथे घड्याळ थांबत नाही. एका खोलीत दोन माणसं न बोलता राहतात तेव्हा घड्याळ किती मोठ्याने वाजतं, हे त्या आठ दिवसांत मला चांगलं कळलं होतं.

काकासाहेब खलनायक नाहीत हो. तेच या सिनेमाचं मोठेपण. आरशासमोर उभं राहून मिशीतल्या पांढऱ्या केसांशी झगडणारा म्हातारा बघून आधी हसू येतं, मग कीव येते. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा मात्र नीरेवर वाईट नजर ठेवतो, तेव्हा ती हातात छडी घेऊन त्याला फोडून काढते. आणि काकासाहेबांची मुलगी सुशीला, नीरेपेक्षा वयाने मोठी, ती येऊन वडिलांनाच सुनावते. हे काम केलंय शकुंतला परांजपे यांनी. त्या प्रत्यक्ष आयुष्यातही समाजकार्यच करत होत्या, संततिनियमनाचा प्रसार करायच्या, त्या काळात शिव्या खाऊन. रँग्लर परांजप्यांची मुलगी. त्यामुळे पडद्यावर त्या बोलतात तेव्हा ते नाटक वाटत नाही.

शेवटी काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते तिला मुलीसारखी मानतात, तिने पुन्हा लग्न करावं असं पत्र लिहून ठेवतात आणि जीव देतात. तिला मोकळं करायला.

हे बघताना आत्याची आठवण झाली आणि डोळे भरून आले. आत्याच्या आयुष्यात असं पत्र कुणी लिहिलं नाही. फुवांनी तिला मारझोड केली नाही, खायलाप्यायला कमी केलं नाही. पहिलीची मुलं तिने आपली म्हणून वाढवली. तिला स्वतःला एकच मुलगी झाली. अडतिसाव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं बस्तीत रोज पहिली जाणारी बाई म्हणून गावात तिचं नाव झालं. "फार सोशीक," असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. कडीचं वाक्य ऐकलेलं असूनही म्हणायचे, याची आज लाज वाटते.

दोन्ही सिनेमे पाहून झाले आणि मी चहाचा कप घेऊन मागच्या दारात बसले. मनात एकच येत होतं. जिजाई आणि नीरा एवढ्या वेगळ्या. एकीला नवरा हवा होता, एकीला नको होता. एकीचा नवरा संत, दुसरीचा एक साधा चुकलेला माणूस. पण दोन्ही सिनेमांत शेवटी जातो कोण? नवरा. एक विमानाने, एक विष म्हणा की काय म्हणा, पण आपल्या हाताने. दोघंही जाताना बायकोचं भलंच चिंततात. एक म्हणतो, माझ्यासोबत चल. दुसरा लिहितो, तू तुझ्या वाटेने जा. पण निर्णय दोघांचा आधीच झालेला. तिच्या वाट्याला येतं ते फक्त हो किंवा नाही. आधी बसून, "मला असं वाटतंय, तुला काय वाटतं?" असं दोघांतला एकही विचारत नाही.

आपल्या घराघरांत राजुलची गाणी म्हणतात. नेमिनाथ वरात घेऊन आले, कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून मागे फिरले आणि गिरनारवर गेले. राजुलही त्यांच्यामागे गेली आणि आर्यिका झाली. लहानपणापासून ही कथा ऐकताना मला राजुल फार मोठी वाटत आली आहे. आजही वाटते. पण ती तरुण होती, तिच्यामागे पतसंस्थेचा हप्ता नव्हता. आपल्या श्वेतांबर भावांच्या परंपरेत असं सांगतात, की आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही असं वर्धमानांनी ठरवलं होतं, आणि त्यानंतरही ते थोरल्या भावाच्या संमतीसाठी थांबले. परंपरा वेगळी असेल, पण मला त्या थांबण्यात फार मोठी गोष्ट दिसते. ज्यांना तीर्थंकर व्हायचं होतं, ते थांबले. आमच्या ह्यांना फक्त सातवी प्रतिमा घ्यायची होती.

हप्ता म्हटलं ना, तेच माझं खरं दुखणं होतं. ब्रह्मचर्याला माझी काय हरकत असणार? आता आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली, त्यात रोज रात्री नऊला ह्यांचं घोरणं सुरू. माझी भीती आठव्या पायरीची होती. सहा वर्षांपूर्वी गोदामासाठी कर्ज काढलं. कागदांवर ह्यांनी सांगितलं तिथे मी सही केली. जामीनदार म्हणून. किती रकमेची, किती वर्षांची, मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. मी बीए झालेली बाई. इंग्रजी वर्तमानपत्र वाचते. पण नवऱ्याने कागद पुढे केला तर चष्मासुद्धा शोधला नाही.

मग लक्षात आलं, संमती संमती म्हणून महाराज जे म्हणताहेत, ती मी आयुष्यभर अशीच देत आले. सहीपुरती.

नवव्या दिवशी रविवार होता. दुकान बंद. मी ह्यांना म्हटलं, "आज दुपारी माझ्यासोबत सिनेमा बघायचा." ह्यांना वाटलं मी विषय टाळतेय. पण बसले. आधी 'संत तुकाराम'. देवळातल्या वहाणेच्या प्रसंगाला हे मोठ्याने हसले, म्हणाले, "आईच आठवली." मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. शेवटचं विमान गेलं तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. ह्यांचे डोळे ओले होते. माझेही. पण मला वाटतं आम्ही वेगवेगळ्या माणसांसाठी रडत होतो.

मी 'कुंकू' लावला. अर्ध्यात हे उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मला वाटलं आता येत नाहीत. आले, शेवटपर्यंत बसले. बाहेर अजून ऊन होतं, जेवायला तासभर अवकाश होता.

"तू मला काकासाहेब म्हणतेस का?" ह्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुकोबाही म्हणत नाही."

"मग?"

मग मी बोलले. तीस वर्षांत एका दमात इतकं बोलले नव्हते. म्हटलं, "तुमच्या व्रताच्या आड मी येणार नाही. पण ज्याला संमती द्यायची ते मला आधी कळू दे. कर्ज किती राहिलंय? घर कुणाच्या नावावर आहे? मुलगा पुण्याहून परत येणार नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, मग तुम्ही आठवी घेतलीत तर दुकान कोण बघणार? मी बघायचं असेल तर मला आत्तापासून शिकवा. आणि तुमच्या मनात नववीपर्यंत जायचं असेल तर तेही आजच सांगा. मला विमान गेल्यावर धावत अंगणात यायचं नाहीये."

हे किती तरी वेळ गप्प. घड्याळ वाजत होतं. मग उठले, कपाटातून लाल वही आणि पतसंस्थेचं पासबुक आणून माझ्यापुढे ठेवलं. मी या वेळी चष्मा शोधून आणला.

अकरा लाख वीस हजार बाकी होते. मला वाटलं होतं त्याहून जास्त. माझं तोंड उतरलं तशी ह्यांचीही मान खाली गेली. म्हणाले, "तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही." मी म्हटलं, "काळजी तर होतीच. फक्त किती करायची ते माहीत नव्हतं."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मिळून बस्तीत गेलो. महाराजांसमोर मी हात जोडून सांगितलं, सातवीला माझी संमती आहे, मनापासून आहे. आठवी मात्र कर्ज फिटल्यावर. महाराज क्षणभर थांबले आणि ह्यांना म्हणाले, "देणं ठेवून त्याग कसा होईल?" मला वाटलं होतं तिथेही मला भांडावं लागेल, जिजाईसारखं. लागलं नाही. मग घरी येताना रिक्षात मला हसूच आलं. कुणाला वाटेल नवऱ्याने ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि बायको हसत येते आहे.

आता सकाळी नऊ ते बारा मी दुकानात बसते. तूरडाळीचे भाव, उधारीची वही, पोत्यामागची तूट, सगळं शिकतेय. जुनी गिऱ्हाइकं आधी, "मालक कुठायत?" म्हणून विचारायची, आता नाही विचारत. घर दोघांच्या नावावर करायचे कागद वकिलाकडे गेलेत. हप्ते मी स्वतः भरून येते आणि पावती फाईलला लावते. अजून साडेतीन वर्षं आहेत. तोपर्यंत हे दुपारनंतर दुकान बघतात आणि सकाळी स्वाध्यायाला जातात.

आणि एक झालं. सकाळी मला दुकानाची घाई असते, म्हणून व्रताचं पाणी आता हे स्वतःच गाळून उकळायला ठेवतात. पहिल्या दिवशी पातेलं करपवलं. मी काही बोलले नाही. घासून ठेवलं फक्त.